जहाजावर जेवायला बसताना कोट-टाय कशाला?

निवृत्त_नाना

मंडळी,

येत्या ऑगस्टमध्ये आमच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. लेक इंग्लंडात असते. तिने आणि जावयाने आम्हाला न विचारता क्वीन मेरी २ ह्या जहाजाची तिकिटं काढून ठेवली. साउदॅम्प्टन ते न्यू यॉर्क, सात रात्री, मध्ये कुठलंही बंदर नाही. पलीकडे मुलगा न्यायला येणार.

इथवर आनंदीआनंद. मग लेकीची मेल आली की संध्याकाळी सहानंतर जहाजावर कसंही फिरता येत नाही. अर्धी चड्डी नाही, बिनबाह्यांचा बनियन नाही (ते मीही घालत नाही, पण सांगायचं कशाला?). आणि सातातल्या दोन रात्री म्हणे 'गाला ईव्हनिंग'. त्या दिवशी डिनर जॅकेट, नाहीतर गडद सूट आणि त्यावर टाय किंवा बो.

मी ३४ वर्षं बँकेत काढली. टाय दोनदा घातला. एकदा स्वतःच्या रिसेप्शनला, भाड्याच्या सुटावर, आणि एकदा चेअरमन शाखेत आले तेव्हा. दोन्ही वेळा दुसऱ्याने बांधून दिला होता. आता उतारवयात, समुद्राच्या मधोमध, सूप पिण्यासाठी गळ्याला फास लावून घ्यायचा? पैसे आपले (बरं, जावयाचे), भूक आपली, आणि कपडे कुणाच्या मर्जीचे?

पांढरा झब्बा-लेंगा चालेल का? नाही चालला तर खरंच दारातून परत पाठवतात का? आणि मुळात हा प्रकार २१व्या शतकात शिल्लक का आहे?

हिचं मत विचारू नका. मेल आल्यापासून ही कपाट उघडून बसली आहे.

कुरकुरीत_भाकरवडी

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. धागा शंभरी गाठणार.

हडसनकाठचा

नाना, अभिनंदन! पण तुम्ही नेमकी सगळ्यात कडक कंपनी निवडलीत, म्हणजे जावयाने निवडली. बाकीच्यांनी कधीच सैल सोडलंय. नॉर्वेजियनवाल्यांनी २००० साली 'फ्रीस्टाईल' नावाचा प्रकार काढला. ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, कोटाची सक्ती नाही. व्हायकिंगच्या जहाजांवर फॉर्मल नाईटच नसते. सेलिब्रिटी नावाच्या कंपनीने फॉर्मल नाईटचं नाव बदलून 'ईव्हनिंग शीक' केलं.

आम्ही फ्लोरिडातून कॅरिबियनला तीनदा गेलो. पहिल्यांदा सूट नेला होता, दुसऱ्यांदा नुसता ब्लेझर, तिसऱ्यांदा कॉलरचा शर्ट. कुणी वळूनही पाहिलं नाही. माझं मत विचाराल तर सुट्टीवर जाताना इस्त्रीचे कपडे नेणं हा गुन्हा ठरवावा.

थेम्सकाठची

@हडसनकाठचा, कॅरिबियन वेगळं आणि अटलांटिक ओलांडणं वेगळं. तिथे रोज एक बेट असतं, लोक दिवसभर वाळूत लोळून येतात. इथे सात दिवस पाणी आणि पाणीच. संध्याकाळी नटून खाली उतरणं हाच तिथला प्रेक्षणीय देखावा. ते नको असेल तर विमान आहे की, सात-आठ तासांत पोचवतं.

नाना, मी त्याच जहाजाने गेले आहे, म्हणून नेमकं सांगते. गालाच्या रात्री 'राष्ट्रीय पोशाख' चालतो असं त्यांच्याच नियमात आहे. स्कॉटिश लोक किल्ट घालून येतात, निवृत्त फौजी गणवेशात. साडीला तर प्रश्नच नाही, उलट दहा बायका थांबवून विचारतात. तुमच्यासाठी बंद गळ्याचा काळा कोट, म्हणजे आपला जोधपुरी. टाय नाही, बो नाही, फास नाही. झब्बा-लेंगा मात्र भरजरी असेल तर शोभेल, रोजचा सुती नेलात तर तुम्ही झोपायला निघालात असं वाटेल.

आणि अगदीच नको असेल तर त्या रात्री वर किंग्ज कोर्टमध्ये बुफे असतो, तिथे साध्या कपड्यांत जेवा. उपाशी कुणी ठेवत नाही. फक्त मुख्य भोजनगृह आणि क्वीन्स रूममधला नाच हुकेल.

शंकेखोर_शामराव

म्हणजे नियम पाळायचा नसेल तर वेगळ्या पंगतीत बसा. ऐकल्यासारखं वाटतंय कुठेतरी.

हे सगळं गोऱ्या साहेबाचं ओझं आहे. साहेब गेला, टाय ठेवून गेला. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबात एम. एफ. हुसेनना अनवाणी आहेत म्हणून अडवलं होतं. २०१४ साली चेन्नईत उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसले म्हणून एका क्लबाने आत घेतलं नाही. आपल्याच देशात, आपल्याच न्यायाधीशाला! तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा करून क्लबांची ही मिजास उतरवली. नानांनी धोतर नेसून जावं आणि दारात अडवलं तर तिथेच मांडी घालून बसावं.

निवृत्त_नाना

शामराव, सत्याग्रहाला माझी ना नाही, पण गुडघे तयार नाहीत. मांडी घातली तर उठवायला दोन वेटर लागतील.

बोंबील_बहाद्दर

सत्याग्रहावरून आठवलं. १८८८ मध्ये गांधीजी मुंबईहून बोटीने विलायतेला निघाले तेव्हाचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. काटे-चमचे धरता येईनात, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर होईना, म्हणून टेबलावर जेवायला गेलेच नाहीत. घरून नेलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खाल्ली. बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा खास उतरायच्या दिवसासाठी राखून ठेवला. साउदॅम्प्टनला उतरतात तो सप्टेंबर अखेर, आणि अख्ख्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांत हे एकटेच!

नाना, बंदर तेच आहे. सांभाळा.

गच्चीवरची_तुळस

शामराव, थोडं आपल्या घरातही बघू या का? माझ्या आजोळी कोकणात देवकार्याच्या पंगतीला पुरुषांनी शर्ट काढूनच बसायचं. सोवळं नाहीतर किमान उघडं अंग आणि उपरणं. मामा मुंबईहून नवी टेरिलिनची पँट घालून आला तर त्याला पडवीत ताट दिलं होतं. तेव्हा कुणी साहेबाला शिव्या दिल्या नाहीत. आपल्याकडे जेवायला कपडे उतरवायला लावतात, त्यांच्याकडे चढवायला लावतात, एवढाच फरक.

बोंबील_बहाद्दर

शेवटच्या वाक्याला दंडवत.

खडू_फळा

@गच्चीवरची_तुळस, वाक्य मस्त आहे, पण 'एवढाच फरक' नाही. सोवळ्याच्या पंगतीत मामाला निदान पडवी मिळाली. ज्यांना अंगणातही बसू देत नव्हते त्यांनी कितीही उपरणं घेतलं असतं तरी उपयोग नव्हता. कोट भाड्याने मिळतो, जात मिळत नाही. माझे वडील शाळामास्तर होते. आयुष्यभर इस्त्रीचा कोट घातला, उन्हाळ्यातसुद्धा. लोक आधी कोट बघतात आणि मग माणूस, असं म्हणायचे. म्हणून मला ह्या 'गुलामीची खूण' वगैरे युक्तिवादाचा पटकन उमाळा येत नाही. काहींच्या गळ्याला टाय हा फास होता, काहींना त्यानेच मान वर करता आली.

नाना, तुमच्या धाग्यावर जड बोललो, माफी.

गच्चीवरची_तुळस

माफी कसली. मामाची गोष्ट हसण्यावारी सांगायची सवय झाली आहे आमच्या घरात. तुमचं बरोबर आहे.

चंद्रकळा

दोन्ही बाजू वाचल्या. आता बायकांचं कुणी बोलणार का? पुरुषांचा एक काळा कोट दोन्ही रात्री चालतो, कुणी ओळखत नाही. बाईने तीच साडी परत नेसली की फोटोत दिसतं. विमानाच्या २३ किलोंत दोन भारी साड्या, परकर, ब्लाउज, दागिने, सपाता, आणि वर नवऱ्याचे बूट. त्यांच्या बुटांचं वजन माझ्या बॅगेत का?

नानांच्या काकूंना माझा सल्ला. (१) पैठणी एकच न्या, दुसरी हलकी. (२) उंच टाचा अजिबात नकोत. अटलांटिक ऑगस्टमध्येही डोलतो, आणि साडी, टाच, लाट हे त्रिकूट मी जिन्यावर अनुभवलं आहे. (३) 'ब्लॅक अँड व्हाइट' रात्र असेल तर संक्रांतीची काळी चंद्रकळा काढा. आम्ही अलास्काला गेलो तेव्हा मी तेच केलं. शेजारच्या टेबलावरची बाई विचारत होती, कुठल्या डिझायनरची? म्हटलं, सासूबाईंची.

थेम्सकाठची

:) आणि केबिनमध्ये प्रवासी इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीने जप्त करतात. धुलाईच्या खोलीत इस्त्र्या असतात. गालाच्या दिवशी दुपारी चारनंतर तिथे जी रांग लागते तिच्यापुढे रेशनचं दुकान झक मारतं.

पेशवाई_पगडी

कोटाच्या विरोधकांसाठी थोडी माहिती. ज्याला आज सगळे ताठ आणि जाचक समजतात तो डिनर जॅकेट जन्माला आला तो आराम म्हणून. तेव्हा संध्याकाळच्या जेवणाला मागे शेपट्या असलेला लांब कोट घालायची रीत होती. १८६५ साली प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, लंडनच्या हेन्री पूलकडून बिनशेपटीचा आखूड कोट शिवून घेतला. सँड्रिंगहॅमच्या घरी, आपल्या माणसांत जेवताना घालायला. अमेरिकेत १८८६च्या सुमारास न्यू यॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमधले लोक तो घालू लागले म्हणून तिकडे तो टक्सिडो झाला. म्हणजे त्या काळची ही जीन्सच! आज जीन्सला नाकं मुरडणाऱ्यांच्या पणतवंडांना सक्तीने जीन्स घालावी लागेल, बघाल.

आणि त्याच्याखाली कमरेला जो रेशमी पट्टा बांधतात, कमरबंड, तो आपला कमरबंद. हिंदुस्थानातल्या साहेबांनी इथून उचलला. पुढे उकाड्यात कोट काढून नुसता शर्ट आणि कमरबंद लावून जेवायची सूट नौदलात मिळाली, तिला 'रेड सी रिग' म्हणतात. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यापुढे ब्रिटिश शिस्तही वितळली. तेव्हा शामराव, तो पोशाख सगळाच साहेबाचा नाही, नाडी आपली आहे.

कुरकुरीत_भाकरवडी

'नाडी आपली आहे' :D :D

अवांतर: 'पॉश' हा शब्दसुद्धा बोटीवरूनच आला ना? जाताना डावीकडची केबिन, येताना उजवीकडची, म्हणजे ऊन लागत नाही. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', त्याची इंग्रजी आद्याक्षरं तिकिटावर छापायचे.

पेशवाई_पगडी

नाही हो. गोष्ट गोड आहे, पण तसं छापलेलं एकही तिकीट कुणाला सापडलेलं नाही. शब्दकोशवाले ही व्युत्पत्ती मानत नाहीत.

कुरकुरीत_भाकरवडी

वीस वर्षं सांगत आले सगळ्यांना. आता पुढेही सांगणार, उगाच खंड नको.

तारवटी

नमस्कार. मी पेडण्याचा. नऊ वर्षं क्रूझवर डायनिंगला होतो, आता गावी असतो. कंपनीचं नाव घेत नाही. माझा आजोबा पी अँड ओच्या बोटींवर स्टुअर्ड होता, सुट्टीत मुंबईत धोबीतलावला आमच्या गावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, उतरायचा. त्या काळी त्या बोटींवर जेवण वाढणारे बहुतेक गोंयकारच. तेव्हा कोट-टायची ही बाजू दारातून बघितलेली दोन पिढ्यांची माणसं आम्ही.

नानांचा प्रश्न, दारातून परत पाठवतात का? सहसा तमाशा करत नाहीत. मेत्र डी, म्हणजे भोजनगृहाचा मुख्य, बाजूला घेतो, हळू आवाजात सांगतो. आमच्याकडे एका कपाटात चार-पाच जॅकेटं असायची, सगळी एकाच मापाची वाटावीत अशी. एकदा एक साहेब वर कडक कोट, बो-टाय आणि खाली अर्धी चड्डी घालून आले. म्हणाले, टेबलाखालचं कुणाला दिसतं? त्यांना खोलीत परत जावं लागलं. अर्धी चड्डी, रबरी चपला आणि टोपी, बाचाबाची होते ती ह्या तिघांवरून. टाय नसला तर नव्वद वेळा आम्ही बघितलं न बघितल्यासारखं करायचो.

फॉर्मल नाईट शक्यतो समुद्रावरच्या दिवशी ठेवतात. बंदराच्या दिवशी लोक घामाघूम होऊन उशिरा येतात, त्यांना कोण कोट चढवायला सांगणार? त्या रात्री लॉब्स्टर असतो आणि जिन्यापाशी फोटोवाले पडदे लावून उभे असतात. लोक आयुष्यात पहिल्यांदा नवरा-बायको दोघं नटून उभे राहतात, फोटो घेतातच. कंपनीला ते हवंच असतं. परंपरा वगैरे आहे, पण गल्लाही आहे.

आणि आम्हाला बो-टाय रोज होता बरं का. नऊ महिने, सकाळचा नाश्ता सोडला तर रोज. नखं तपासायचे, बूट तपासायचे. मग रात्री साडेअकराला खाली मेसमध्ये जाऊन तो बो खिशात कोंबायचा आणि भात-कढी खायची. सुख काय ते त्या पाच मिनिटांत.

निवृत्त_नाना

तारवटी, असा प्रतिसाद मिळणार असेल तर धागा काढल्याचं सार्थक झालं. एकच विचारतो, प्रवासी नटून आले काय आणि न आले काय, तुम्हाला काही वाटायचं का?

तारवटी

खरं सांगू? वाटायचं. माणूस नटून आला की हळू बोलतो. आमचं नाव वाचून हाक मारतो. चड्डीवाल्या बुफेत बोटं वाजवतात. सगळेच नाहीत, पण फरक कळायचा.

हडसनकाठचा

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पण मी तिसऱ्या वेळीही कुणाला बोटं वाजवून बोलावलं नव्हतं हो.

तारवटी

तुम्हाला नाही म्हटलं, साहेब.

शेंगदाण्याची_चटणी

आम्ही मुंबईहून कॉर्डेलियाने गोव्याला गेलो होतो. तेच जहाज जे १९९० पासून रॉयल कॅरिबियनकडे होतं. आमच्या आसपास कुणी झगमगीत लेहंग्यात, कुणी फुलाफुलांच्या शर्टात, एक काका तर लेंगा आणि स्वेटरमध्ये. जैन जेवण मिळालं, सगळे खूश. नियमांची चर्चाच नव्हती, जेवणाच्या रांगेत कोपर कसं मारावं एवढंच शिकावं लागतं.

शंकेखोर_शामराव

तारवटींचं वाचून मी अर्धा पाऊल मागे घेतो. अर्धाच. धोतराचं आवाहन कायम आहे.

चंद्रकळा

धोतर नेसता येतं का तुम्हाला?

शंकेखोर_शामराव

तयार मिळतं हल्ली. इलॅस्टिकचं.

बोंबील_बहाद्दर

क्रांती इलॅस्टिकवर आली. दिवे घ्या, शामराव.

निवृत्त_नाना

(सप्टेंबर. धागा वर काढतोय.)

मंडळी, जाऊन आलो. वृत्तांत द्यायचं कबूल केलं नव्हतं, पण देणं लागतो.

लक्ष्मी रोडवरच्या माझ्या नेहमीच्या शिंप्याकडून काळा जोधपुरी शिवला. त्याने विचारलं, मुलाचं लग्न? म्हटलं, नाही, जेवायला जायचंय. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

पहिल्या गालाला कॉलरचा हूक लावताना हात थरथरत होते. खाली गेलो तर आमच्या टेबलावर आठ जण. एक स्कॉटिश आजोबा किल्टमध्ये, एक अमेरिकन जोडपं, ज्यांचा टक्सिडो २५ वर्षं जुना आणि बटणाला धाग्याचं वाढवणं दिलेलं. माझ्या गळ्याला टाय नाही ह्याची कुणी दखलही घेतली नाही. हिच्या पैठणीची मात्र पदरापासून काठापर्यंत तपासणी झाली. मोर मोजले गेले. आजोबांनी आणि मी एकमेकांना विचारलं की हे घालून बसायला त्रास होत नाही का. त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा बरं होतं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या गालाला ठरवून बंड केलं. वर बुफेत गेलो, साधा शर्ट घालून. ही आली नाही. ती एकटी नटून खाली गेली, त्याच टेबलावर. मी वर डाळ-भात घेऊन बसलो, समोर काळोखा समुद्र. पाऊण तासात कंटाळलो आणि खोलीत जाऊन कोट चढवला. खाली पोचलो तेव्हा गोड पदार्थ आले होते आणि ही आजोबांना पुरणपोळीची कृती सांगत होती.

आता खरी फजिती. पश्चिमेला जाताना पाच रात्री घड्याळ तासतासभर मागे जातं, त्यामुळे शेवटी-शेवटी मी पहाटे चारला टक्क जागा. शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. बँकेची सवय, मी जेवणाआधीच सगळं भरून, कुलूप लावून, बाहेर ठेवून दिलं. सकाळी उठून पाहतो तर अंगावर पायजमा, आणि घालायला उरलेली एकच गोष्ट: चुरगळू नये म्हणून हिने हातात न्यायला हँगरवर ठेवलेला जोधपुरी.

ब्रुकलिनच्या धक्क्यावर, ऑगस्टच्या सकाळी, अख्खी बोट अर्ध्या चड्डीत आणि मी काळ्या बंद गळ्यात. मुलगा गाडीतून उतरला आणि म्हणाला, "बाबा, कुणाचं लग्न?"

बोंबील_बहाद्दर

नाना!! सांगितलं होतं की नाही, सांभाळा म्हणून? गांधीजी पांढऱ्यात, तुम्ही काळ्यात.

तारवटी

दर फेरीला एक तरी असतोच. आमच्या वेळी एक जण टॉवेलात आला होता.

शंकेखोर_शामराव

इलॅस्टिकचं धोतर असतं तर उशीखाली मावलं असतं.

चंद्रकळा

ते सगळं असू द्या. पैठणीतला काकूंचा फोटो टाका. तुमचा नको.